विजयदुर्गाचं चित्र काढणारा हा सेरेस कोण?

प्रश्न : आम्ही मित्रमंडळी गगनबावड्यावरून विजयदुर्गला गेलो होतो, तिथं एकानं मोबाईलवर जुनं इंग्रजी ऑइल पेंटिंग दाखवलं. घेरिया म्हणजे विजयदुर्ग इंग्रजांनी १७५६ ला घेतला त्याचं. चित्रकार डॉमिनिक सेरेस. हा माणूस इथं आला होता का? नाव तर इंग्रजी वाटत नाही. आणि चित्रावर विश्वास किती ठेवायचा?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : नाही हो, आला नव्हता. चित्र १७७१ चं, लंडनमध्ये बसून काढलेलं, लढाईनंतर तब्बल पंधरा वर्षांनी. आपले आबालाल रहमान कसे कोटितीर्थाच्या काठावर बसून समोरचं पाणी रंगवायचे, तसला हा प्रकार नाही.

नावाचं मात्र बरोबर पकडलंत. गडी फ्रान्सचा, गॅस्कनीतल्या ओश गावचा. घरच्यांना पोरगं पाद्री करायचं होतं, पण हा पळून स्पेनला गेला आणि जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला असं सांगतात, मग पुढं व्यापारी जहाजाचा कप्तान झाला, हवानाकडं ये-जा सुरू झाली आणि १७५० नंतर कधीतरी ब्रिटिशांच्या फ्रिगेटनं, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजानं, जहाजच धरलं, हा कैदी होऊन इंग्लंडात. सुटल्यावर घरी जायचं सोडून तिथंच राहिला न् ब्रश धरला. चार्ल्स ब्रुकिंग म्हणून तिथला भारी सागरी चित्रकार होता, त्याचा हात बघून बरंच शिकला.

नशीब बघा, युद्धं चालू होती आणि आपल्या पराक्रमाची चित्रं नौदलाच्या अधिकाऱ्यांना भिंतीवर पाहिजेच होती. १७६२ ला इंग्रजांनी हवाना घेतलं, तेव्हा ऑर्सब्रिज नावाच्या लेफ्टनंटनं जागेवर केलेल्या स्केचेसवरून सेरेसनं चित्रं केली. ते बंदर त्याच्या ओळखीचं होतंच. १७५९ ला क्विबेरॉनच्या उपसागरात फ्रेंच आरमार हरलं, म्हणजे याचीच माणसं, तेही यानं इंग्रजांसाठी रंगवलं. मला तरी यात गद्दारीपेक्षा पोटापाण्याचा हिशोबच जास्त दिसतो. १७६८ ला रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेच्या संस्थापक सभासदांत नाव लागलं आणि १७८० ला तर थेट राजा तिसऱ्या जॉर्जचा सागरी चित्रकार. कैदी म्हणून आलेला माणूस!

आता विश्वासाचं. जहाजांवर बिनधास्त ठेवा. स्वतः डोलकाठीवर चढलेला माणूस आहे, वारा एकीकडचा आणि शीड भलतीकडं फुगलंय असली चूक तो करत नाही. किल्ला आणि किनारा मात्र दुसऱ्यांच्या माहितीवरचा, शिवाय चित्र जिंकणाऱ्यांच्या बाजूचं. ॲडमिरल वॉटसनची जहाजं तोफा डागतायत, ठीक आहे, पण हे सगळं का घडलं ते चित्रात कुठून दिसणार? नानासाहेब पेशव्यांनीच विजयदुर्ग ताब्यात असलेल्या तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांना हाताशी धरलेलं, आदल्या वर्षी सुवर्णदुर्ग तसाच गेला होता. हल्ल्याच्या वेळी तुळाजी किल्ल्यात नव्हताच, पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेलेला. आणि आरमार जळालं कसं? आंग्र्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचं रेस्टोरेशन नावाचं जहाज पकडून आणलं होतं, त्यावर तोफगोळा पडून ते पेटलं, बाजूला गुराबा न् गलबतं खेटून उभी, एकाची आग दुसऱ्याला लागत गेली न् संध्याकाळपर्यंत सगळा ताफा खाक. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला किल्ला गेला. माझ्या मते मराठ्यांच्या आरमाराचं कंबरडं मोडलं ते इथंच, आणि त्यात आपलाही हात होता हे बोलायला आपल्याला जड जातं.

मूळ चित्र लंडनमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. सेरेस १७९३ ला वारला. पोरगा जॉन थॉमसही राजाचा सागरी चित्रकार झाला, पण त्याची बायको ऑलिव्हिया आपण राजघराण्यातली राजकन्या आहोत म्हणून दावा करत बसली आणि तो बिचारा कर्जापायी तुरुंगाच्या वाटेला लागला. ते प्रकरण फारच रंगीत आहे, कुणी विचारलं तर पुढच्या अंकात लिहितो.