घरी सांगायच्या आधी

अगं, तुझी घाई मला कळते. 'मी मुलगा नाही, मुलगी आहे' हे इतकी वर्षं आत कोंडलेलं एकदाचं बोलून टाकावंसं वाटतं. पण शिक्षण घरच्यांच्या पैशावर चालू असेल, तर आधी एक विश्वासाचं माणूस आणि वेळ पडल्यास राहता येईल अशी जागा बघून ठेव. मार्कशीट, आधार स्वतःजवळ हवं.

मैत्रिणीच्या चिठ्ठीवर हार्मोन्सच्या गोळ्या मुळीच सुरू करू नकोस. एस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनने रक्तात गुठळी व्हायचा धोका वाढतो, सिगारेट ओढत असशील तर आणखीच. एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरला दाखव, रक्त तपासून घे. पुढेमागे स्वतःचं मूल हवं असेल तर वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल गोळ्या सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचार. आणि हे नीट लक्षात घे: हार्मोन्सनी आवाज बारीक होत नाही, दाढीही जात नाही. आवाजाला रोजचा रियाज लागतो, दाढीला लेझर नाहीतर इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेनं एकेका केसाचं मूळ जाळणं. पैसे त्यासाठीही बाजूला ठेव.

आईला वेळ दे. माझी आई कितीतरी दिवस मला नावानं हाकच मारायची नाही, नुसतं 'ऐक गं' की 'ऐक रे' तेही टाळून, 'जेवायला वाढलंय' एवढंच. मग एका संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका जमल्या असताना तिनं वाणाचं ताट माझ्या हातात दिलं. बाबा अजून बोलत नाहीत. त्यांच्यासाठी मी थांबले नाही, तूही थांबू नकोस.

'आधी ऑपरेशन, मग मुलगी' असं कुणी म्हणालं, तर ट्रान्सजेंडर माणसांच्या हक्कांबद्दलचा २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा नाल्सा निकाल दाखव. लिंगओळखीसाठी ऑपरेशनचा आग्रह धरणं त्यात बेकायदा म्हटलंय. डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना मला कळव, मी सोबत येते.