वाचकांचे प्रश्न : ‘रेडी प्लेअर वन’ आणि दुखावलेले चाहते

या अंकात ‘रेडी प्लेअर वन’विषयी आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत. अर्नेस्ट क्लाइन यांची ही कादंबरी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तिच्यावरून केलेला चित्रपट मार्च २०१८ मध्ये पडद्यावर आला. कथेतील जग इतके ओढगस्तीला आलेले आहे की बहुतेक माणसे ‘ओअ‍ॅसिस’ नावाच्या आभासी विश्वातच दिवस काढतात. ते विश्व घडवणारा जेम्स हॅलिडे मरताना तिथे एक ‘ईस्टर एग’, म्हणजे गेममध्ये लपवलेली गुप्त गोष्ट, दडवून ठेवतो, तिथवर पोचायला किल्ल्या आणि दरवाजे यांची कोडी मांडतो आणि जो ते शोधील त्याच्या नावे आपली सारी मालमत्ता व ओअ‍ॅसिसचा ताबा करतो. हॅलिडेचा जीव १९८० च्या दशकातील व्हिडिओ गेम, चित्रपट आणि गाण्यांत गुंतलेला होता, त्यामुळे खजिन्यामागे लागलेली सगळी तरुण पिढी आपल्या जन्माच्या कितीतरी आधीचे ते दशक तोंडपाठ करून बसली आहे. एका बाजूला वेड वॉट्स हा अनाथ मुलगा आणि त्याचे मित्र, दुसऱ्या बाजूला ‘आयओआय’ ही बलाढ्य कंपनी, अशी ही चुरस आहे. पुढील उत्तरांत कादंबरी आणि चित्रपट या दोहोंचा शेवट उघड होतो, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : मी ही कादंबरी अनेकदा वाचली आहे. चित्रपटात तिच्यातील जवळजवळ एकही कोडे जसेच्या तसे राहिलेले नाही. मला याचा मनापासून राग आला, पण मित्र म्हणतात की चित्रपट हे वेगळे माध्यम आहे, एवढे मनाला लावून घेऊ नये. माझे चुकते आहे का?

उत्तर : आपला राग रास्त आहे, मात्र त्याचे मूळ कोडी बदलण्यात आहे असे मला वाटत नाही. एकच उदाहरण घेऊ. कादंबरीत वेड जुन्या गेमच्या एका संग्रहालयात पॅक-मॅन खेळायला बसतो आणि त्या खेळातील कमाल गुणसंख्या, म्हणजे ३३,३३,३६०, गाठतो. ही संख्या केवळ चपळाईने मिळत नाही. एकही ‘लाइफ’ न गमावता प्रत्येक पातळीवरचे सगळे ठिपके, सगळी फळे आणि खाता येण्याजोगे प्रत्येक भूत खात खात अगदी शेवटपर्यंत जावे लागते, एक चूक झाली की सारी मेहनत पाण्यात जाते, आणि हे तासन्‌तास एकाग्रतेने करावे लागते. त्याच्या बदल्यात वेडला एक साधे नाणे मिळते आणि तेच पुढे त्याला एक जास्तीचा जन्म मिळवून देते. चित्रपटातही ते नाणे आहे. तिथे हॅलिडेच्या आठवणींच्या संग्रहालयाचा राखणदार वेडशी पैज लावतो. किरा या स्त्रीचा उल्लेख हॅलिडेच्या साऱ्या आठवणींत एकदाच येतो, असे वेडचे म्हणणे असते. ते खरे ठरते आणि राखणदार नाणे त्याच्या हवाली करतो. प्रसंग नेटका आहे, पुढे येणाऱ्या भावनिक धाग्याची गाठही तिथेच बसते, आणि एखाद्या मुलाला काही तास पॅक-मॅन खेळताना दाखवणे कोणत्याही दिग्दर्शकाला परवडणारे नाही, हेही मान्य करायला हवे.

तरी काहीतरी हातचे गेले आहे. कादंबरीचा सगळा डोलारा अभ्यासावर उभा आहे. पहिल्या दरवाजामागे वेडला १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ या चित्रपटात शिरून मॅथ्यू ब्रॉडरिकची भूमिका पहिल्या संवादापासून शेवटच्यापर्यंत स्वतः वठवावी लागते आणि संवाद चुकला की गुण जातात. ज्या वाचकाने आयुष्यातील कितीतरी संध्याकाळी असेच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहण्यात घालवल्या आणि त्याबद्दल घरच्यांची बोलणी खाल्ली, त्याला ही कादंबरी सांगते की तुझा वेळ फुकट गेलेला नाही. चित्रपटाची मागणी याहून फार हलकी आहे. पडद्यावर क्षणभर चमकून गेलेली मोटार किंवा पात्र ओळखता आले की पुरे. ओळख पटण्याचा आनंदही खरा असतो, तो कमी लेखू नये. पण ज्याने मेहनत केली त्याला आणि ज्याने जाहिरात पाहिली त्याला एकाच पंगतीत बसवले गेले, हे आपल्याला खुपते आहे. मित्रांना हे असे सांगून पाहा. माध्यम वेगळे असल्याचा मुद्दा या तक्रारीला लागू पडत नाही.

काही बदल निरुपायाने झाले, हेही ध्यानात घ्यावे. दुसऱ्यांची पात्रे वापरायची तर हक्क मिळवावे लागतात. कादंबरीच्या अखेरच्या लढाईत निर्णायक ठरणारा अल्ट्रामॅन हा जपानी महानायक चित्रपटात नाही, कारण त्याच्या हक्कांवरून दीर्घकाळ खटले चालू होते. त्याची उणीव तिथे गंडम हा जपानी मालिकांतला प्रचंड यंत्रमानव भरून काढतो. ‘ब्लेड रनर’वर आधारलेला एक प्रसंग पटकथाकारांच्या मनात होता, पण त्याच सुमारास त्या चित्रपटाचा पुढचा भाग तयार होत असल्याने तो सोडून द्यावा लागला आणि त्या जागी ‘द शायनिंग’ आला.

प्रश्न : पटकथेवर झॅक पेन यांच्यासोबत स्वतः क्लाइन यांचेही नाव आहे. मूळ लेखकालाच बदल मान्य असतील तर चाहत्यांनी तक्रार कशाच्या बळावर करायची?

उत्तर : लेखकाच्या संमतीने वाचकाची निराशा दूर होत नाही. पुस्तक एकदा हातात पडले की वाचक त्याच्याशी स्वतःचे नाते जोडतो आणि त्या नात्यात लेखकाच्या परवानगीला स्थान नसते.

पण आपल्या प्रश्नामुळे चित्रपटातील माझ्या मते सर्वांत सुंदर भागाकडे वळता येते. दुसरी किल्ली कुठे आहे याची खूण एका निर्मात्यापाशी आहे, आणि हा निर्माता स्वतःच्याच निर्मितीचा तिरस्कार करतो. वेड आणि त्याचे मित्र त्यावरून स्टीफन किंग यांच्यापर्यंत पोचतात. किंग यांच्या १९७७ च्या कादंबरीवरून स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९८० मध्ये केलेला ‘द शायनिंग’ त्यांना मुळीच रुचला नव्हता आणि ते त्यांनी कधी लपवूनही ठेवले नाही. म्हणजे कादंबरीवरून बेतलेला हा चित्रपट आपल्या ऐन मध्यावर, कादंबरीच्या रूपांतरामुळे दुखावलेल्या लेखकाची आठवण काढतो. चाहते दुखावणार हे करणाऱ्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते कथेतच गुंफले, असे मला वाटते.

त्या प्रसंगाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. कुब्रिक यांच्या हॉटेलचे दालन, गालिचा, लिफ्टची दारे इतक्या निष्ठेने पुन्हा उभी केली आहेत की क्षणभर जुनाच चित्रपट सुरू झाल्यासारखे वाटते. आणि या हॉटेलात वेडच्या मित्रांपैकी एच हे पात्र शिरते, ज्याने तो चित्रपट पाहिलेलाच नाही. घरंगळत आलेल्या चेंडूमागे ते जाते, जुळ्या बहिणींसमोर येऊन उभे राहते, लिफ्टमधून उसळलेल्या रक्ताच्या लोंढ्यात सापडते आणि अखेर २३७ क्रमांकाच्या खोलीत पाऊल टाकते. ज्यांनी ‘द शायनिंग’ पाहिला आहे ते प्रत्येक पावलाला मनातल्या मनात ‘तिकडे जाऊ नकोस’ म्हणतात. ज्यांनी पाहिलेला नाही ते एचसारखेच घाबरतात. जाणता आणि अजाण या दोन्ही प्रेक्षकांना एकाच दृश्यात आपापल्या जागी सामावून घेणे फार अवघड असते आणि ते इथे साधले आहे. पूर्ण चित्रपट याच तोलाचा झाला असता तर इतकी पत्रे आली नसती.

प्रश्न : ‘आयर्न जायंट’चा वापर पाहून मला अक्षरशः रडू आले, आणि ते आनंदाने नव्हे. माझी प्रतिक्रिया टोकाची आहे का?

उत्तर : मुळीच नाही. या चित्रपटाविषयी चाहत्यांनी घेतलेल्या आक्षेपांपैकी मला सर्वाधिक पटलेला आक्षेप हाच आहे.

टेड ह्यूज यांच्या १९६८ च्या पुस्तकावरून ब्रॅड बर्ड यांनी १९९९ मध्ये ‘द आयर्न जायंट’ हा चित्रपट केला. आकाशातून आलेल्या त्या प्रचंड यंत्रमानवाच्या अंगात शस्त्रे आहेत, पण एका लहान मुलाच्या सहवासात तो ठरवतो की आपण बंदूक व्हायचे नाही. चित्रपटाचा आत्मा एवढ्या एका निश्चयात आहे, आणि गावावर येणारे क्षेपणास्त्र स्वतःच्या अंगावर घेऊन तो ते व्रत पाळतो. ‘रेडी प्लेअर वन’मध्ये मात्र तो रणांगणावर शत्रूचे सैन्य तुडवत चालतो. त्याचे रूप, आवाज, डोळ्यांतला प्रकाश सगळे आणले, पण ज्यामुळे तो लोकांच्या मनात राहिला ते बाहेर ठेवले.

दुसरी बाजूही मांडायला हवी. ओअ‍ॅसिसमधील तो यंत्रमानव खरा नव्हे, एचने चालवलेले ते एक वाहन आहे, आणि मुले आवडत्या खेळण्याला मूळ गोष्टीत नसलेल्या लढायांत सहज उतरवतात. शेवटी तो लाव्हारसात बुडताना वेडला पलीकडे जाता यावे म्हणून स्वतःच्या देहाचा पूल करतो, यात जुन्या त्यागाची छाया आहे. पण त्याच क्षणी तो अंगठा उंचावतो, ती खूण १९९१ च्या दुसऱ्या ‘टर्मिनेटर’ची आहे! स्वतःचा असा निरोप त्याच्यापाशी असताना त्याच्या हाती दुसऱ्याच यंत्रमानवाची खूण द्यावी, हे मला आजही पटत नाही. कोडी बदलली म्हणून होणाऱ्या निराशेपेक्षा ही निराशा अधिक खोल आहे, कारण इथे पात्राचा अर्थच उलटला आहे.

प्रश्न : मी कादंबरी वाचलेली नाही, त्या दशकातले गेमही खेळलेली नाही. तरी मला चित्रपट खूप आवडला. ओळखीचे काही चाहते म्हणतात की मला तो आवडण्याचा अधिकारच नाही.

उत्तर : त्यांना चित्रपटातीलच एक प्रसंग आठवून पाहायला सांगा. आयओआय कंपनीचा अधिकारी सोरेंटो वेडला आपल्याकडे ओढण्यासाठी आपणही ऐंशीच्या दशकाचे भक्त असल्याचे भासवतो, पण त्याच्या कानात माणसे माहिती पुरवत असतात आणि वेडला तो बनाव लगेच कळतो. प्रसंग टाळ्या घेणारा आहे, मात्र त्यातून अनेकांनी सोयीचा अर्थ काढला की ज्याला माहिती कमी तो ढोंगी. सोरेंटोचा दोष अज्ञानात नाही, आवड नसताना ती दाखवण्यात आहे. आपण तर उघडपणे सांगता की माहिती नव्हती आणि तरी आवडले.

कादंबरी आली तेव्हा आणि चित्रपट आला तेव्हा, या दरम्यान वातावरणही बदलले होते. २०१४ मध्ये व्हिडिओ गेमच्या जगात अनेक स्त्रियांना, केवळ त्या बोलल्या म्हणून, अत्यंत हीन छळाला तोंड द्यावे लागले आणि खरा चाहता कोण हे ठरवण्याच्या हट्टाचे भीषण रूप सर्वांनी पाहिले. त्यानंतर अनेकांना ही कादंबरी पूर्वीसारखी निर्मळ मनाने वाचता आली नाही. प्रश्नोत्तरांत उत्तीर्ण झाला तरच प्रवेश, ही तिची कल्पना ज्यांनी एकेकाळी डोक्यावर घेतली त्यांतल्याच काहींना नंतर ती बोचू लागली. त्यांनी मत बदलले याचा मला आदर वाटतो.

प्रश्न : एच आणि समांथा यांच्या बाबतीत चित्रपटाने सुधारणा केली की हानी?

उत्तर : दोन्ही. कादंबरीत वेड आपल्या मित्रांना प्रत्यक्षात फार उशिरा भेटतो आणि समांथा, म्हणजे खजिन्याच्या शोधातली त्याची साथीदार व प्रेयसी, तर त्याला अगदी शेवटी भेटते. चित्रपटात ही सगळी मंडळी मध्यावरच एकत्र येतात, शिवाय कंपनीच्या वेठबिगारीत अडकून आतून घाव घालण्याचे काम वेडऐवजी समांथाकडे जाते, आणि त्यामुळे ती केवळ नायकाचे बक्षीस उरत नाही. हा बदल मला मोलाचा वाटतो.

एचचे मात्र नुकसान झाले. एचमागची खरी व्यक्ती, हेलन ही कृष्णवर्णीय तरुणी, ओअ‍ॅसिसमध्ये गोऱ्या मुलाचे रूप घेऊन का वावरते, याचे कारण कादंबरीत आहे. तिच्या आईने स्वतः गोऱ्या पुरुषाचे रूप घेऊन काम केले होते आणि त्यामुळे मिळणारी वागणूक व संधी कशी बदलते हे अनुभवले होते. मुलगी समलिंगी आहे हे कळल्यावर तिला घराबाहेर काढणारीही तीच आई. आभासी जगात सगळे समान असतात, या समजुतीला त्या एका पानात तडा जातो. चित्रपटात एच धिप्पाड यंत्रदेही पुरुष आहे, त्यामागची स्त्री उघड होते ती हलक्याफुलक्या धक्क्यासारखी, आणि कथा पुढे सरकते.

प्रश्न : चित्रपटात पहिली किल्ली एका शर्यतीत मिळते. उलटी गाडी चालवून ती शर्यत जिंकता येते, हे पाच वर्षांत कोणालाच सुचले नाही?

उत्तर : हे पटणारे नाही. इतक्या खेळाडूंपैकी कोणीतरी निव्वळ गंमत म्हणून तेवढे नक्कीच केले असते.

प्रश्न : शेवटी वेड ओअ‍ॅसिस मंगळवारी आणि गुरुवारी बंद ठेवायचे ठरवतो. कादंबरीत असे काही नाही. चाहते यावर इतके का चिडले?

उत्तर : कादंबरीच्या शेवटी वेड समांथाजवळ बसलेला असतो आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याला ओअ‍ॅसिसमध्ये परतावेसे वाटत नाही. ती एका मुलाच्या मनातील घडामोड आहे. सारे विश्व कायमचे बंद करण्याची कळ हॅलिडेने त्याला दाखवलेली असते, पण इतरांनी कसे जगावे हे तो त्या पानावर ठरवत नाही. चित्रपटाने या भावनेचा नियम केला आणि तो सर्वांना लावला. खऱ्या जगाकडे लक्ष द्या, हे सांगणे चांगलेच आहे, पण ज्यांचे खरे जग एकमेकांवर रचलेल्या डब्यांच्या घरांत आहे त्यांनी त्या दोन दिवसांत काय करायचे, याचा विचार चित्रपटात दिसत नाही.

कादंबरीच्या वाचकाला याहून ठोस अडचण दिसते. मूळ कथेत ओअ‍ॅसिस केवळ करमणुकीचे ठिकाण नाही. तिथे मोफत सरकारी शाळा आहेत. वेड स्वतः अशाच शाळेत शिकतो, कारण प्रत्यक्षातल्या शाळेत त्याचा छळ होत होता, आणि त्या शाळांच्या ग्रहावरच त्याला पहिल्या किल्लीचा माग लागतो. चित्रपटाने शाळा वगळल्या, म्हणून मंगळवार-गुरुवारचा निर्णय तिथे निरुपद्रवी वाटतो. ज्याने पुस्तक वाचले आहे त्याला मात्र तो ऐकताच वर्गात बसलेली ती मुले आठवतात.