तुझी आई उत्तर देते आहे

प्रिय मावशी,

मी वसईचा. वय त्रेपन्न, नोकरी मुंबईला. आई एकोणऐंशी वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचं सांगितलं. तिचं खाणंपिणं, आंघोळ, गोळ्या सगळं मी आणि बायको मिळून बघतो, त्यात कसूर नाही. अडचण मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेची आहे. आई जन्मभर रविवारी साडेसातच्या मिस्साला जात आली. बाकसुद्धा ठरलेला, पुढून तिसरा. पण वर्षभरापासून ती मिस्सा चालू असताना मध्येच मोठ्याने बोलू लागली. ‘एकुम पिरितुतुओ’ असलं काहीतरी असंबद्ध, ज्याला अर्थच नाही. ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या रांगेत ती खाली गुडघे टेकते, हात पुढे न करता जीभ बाहेर काढते. रांग खोळंबते, पोरं हसतात. ऑगस्टमध्ये पॅरिश कौन्सिलच्या (चर्चच्या सल्लागार समितीच्या) एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आईला मागे बसवा नाहीतर घरीच ठेवा, ख्रिस्तप्रसाद आम्ही घरी पाठवू. जुलैत आजी-आजोबांच्या रविवारी याच लोकांनी तिला शाल दिली होती, तेव्हा त्यांचा हेतू वाईट नसावा.

पाच महिने झाले, आम्ही तिला नेत नाही. नाताळलाही नेलं नाही. आम्ही दोघं आळीपाळीने जातो आणि तिला मोबाइलवर मिस्सा लावून देतो. पण रविवारी आमची लगबग दिसली की ती लाल लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ओटीवर येऊन बसते. चहाला तोंड लावत नाही, मग गोळ्याही राहतात. आम्ही सांगतो, ‘आई, आज शनिवार.’ की ती निमूट आत जाते. मावशी, आजारी माणसाला असं खोटं सांगणं पाप आहे का?

तुमचा भाचाच समजा


बाळा,

मावशी म्हणालास म्हणून अरेतुरे करते. पापाचा प्रश्न तू फादरांना विचार. मी अडकले ती तुझ्या पत्रातल्या दोन शब्दांवर. तू ते असे टाकलेत, जसा कुणी केर टाकतो. मी पहिल्यांदा वाचताना पुढे गेले, मग परत मागे आले, मोठ्याने वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

एत् कुम स्पिरितु तुओ.

हे लॅटिन आहे. ‘आणि तुझ्या आत्म्याबरोबरही.’ धर्मगुरू ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हणाले, म्हणजे ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’, की त्याला द्यायचं हे उत्तर. तुझी आई असंबद्ध बोलत नव्हती रे. फादर मराठीतून म्हणत होते आणि ती उत्तर देत होती. तू लिहितोस ‘मध्येच’. नीट आठवून बघ, नेमकी कधी? मिस्साच्या सुरुवातीला, शुभवर्तमान वाचायच्या आधी, मग वेदीवरची मोठी प्रार्थना सुरू होताना आणि शेवटच्या आशीर्वादाआधी, अशा चार ठिकाणी तो अभिवादनाचा शब्द येतो. मी पैज लावून सांगते, तुझ्या आईचं ‘मध्येच’ या चारांतलंच एक असणार. भरल्या चर्चमध्ये तिची जागा चुकली नाही, फक्त भाषा जुनी आली.

मी तुझ्या आईपेक्षा पाचसहा वर्षांनी लहान, वसईतच वाढलेली. आमच्या लहानपणी घरात आपली बोली, शाळेत मराठी आणि मिस्सा लॅटिनमध्ये. फादर आमच्याकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून उभे असत. सिस्टरांनी आम्हां मुलींकडून उत्तरं घोकून घेतली होती, सुरासकट. अर्थ आम्हांला कुणालाच धड ठाऊक नव्हता, पण ‘दोमिनुस’ ऐकलं की पोट आपोआप आत जायचं आणि आवाज वर यायचा. १९६३ च्या डिसेंबरात जगभरच्या बिशपांच्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेला वाट मोकळी केली. १९६४ च्या डिसेंबरात सहावे पोप पॉल मुंबईला आले, अख्खी वसई त्याबद्दल बोलत होती. आणि १९६५ पासून हळूहळू मिस्सा आपल्या भाषेत येत गेली. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. तुझी आई अठरा-एकोणीसची. म्हणजे तिचं पहिलं कम्युनियन (पहिल्यांदा घेतलेला ख्रिस्तप्रसाद), तिचं सगळं मुलगीपण त्या लॅटिन मिस्सात गेलं.

आता हेच ध्यानात ठेवून तुझं पत्र पुन्हा वाच. ती गुडघे टेकते, कारण तेव्हा वेदीपुढच्या कठड्याशी ओळीने गुडघे टेकूनच ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असे. जीभ पुढे करते, कारण हात लावायचा नसे. हातावर घेण्याची रीत खूप नंतरची. डोक्यावर पदर घेते, कारण उघड्या डोक्याने बायकांनी चर्चची पायरी चढायची नाही हा तेव्हा नियम होता. आणि तो चहा! १९५७ पर्यंत ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून काही खायचं नसे. नियम सैल झाला तरी आमच्या आजीने घरात तो पुढे कितीतरी वर्षं पाळायला लावला. मिस्सा सुटल्यावर वाडीतल्या वाटेने घरी येताना भुकेने डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि त्याचाही अभिमान वाटायचा. तुझी आई चहा नाकारून हट्ट करत नाही. तिचा उपास आहे. ख्रिस्तप्रसादासाठी तयार होऊन ती ओटीवर बसलेली असते आणि तू तिला सांगतोस, आज शनिवार.

तेही अंगात रविवारचे कपडे घालून.

बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं पाणी वैशाखात खाली गेलं की वर्षानुवर्षं न दिसलेले तळाचे दगड वर येतात, तसं या आजाराचं असतं. काल काय जेवलो ते आधी जातं. सुनेचं नाव, नातवाचं लग्न, मराठी मिस्सातली उत्तरंसुद्धा जातात. तीही साठ वर्षांची आहेत, पण तिच्या हिशेबाने नवीच. बालपणी पाठ केलेलं, त्यातून सुरात म्हटलेलं, सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतं. डॉक्टरांनी तुला हे कदाचित सांगितलं असेल. पण डॉक्टरांना लॅटिन ऐकू आलं नसणार. ऐकायचं होतं ते तू.

म्हणून मला तुझा राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. तू लिहिलंस, कसूर नाही. आंघोळ आणि गोळ्यांत नसेल. पण जन्मभर तुझ्या ओळखीच्या बाईच्या तोंडून एक अनोळखी शब्द आला, पुन्हा पुन्हा तोच आला, आणि वर्षभरात तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की आई, हे काय म्हणतेस? शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं असतंस तरी त्याने हसत हसत सांगितलं असतं. तू शब्द ऐकलास आणि आजार ऐकलास. कौन्सिलच्या त्या गृहस्थांवर मला खापर फोडायचं नाही. ते एकदा बोलले. त्यानंतरचे वीस-एकवीस रविवार मात्र तू बुडवलेस. रांग खोळंबते म्हणतोस. किती खोळंबत असेल? एका म्हातारीला गुडघ्यावर बसून उठायला लागतो तेवढा वेळ. एवढ्याने चर्चमध्ये कुणाची बस चुकत नाही. पोरं हसली ते तुला टोचलं. तेव्हा तू मागे वळून त्यांच्याकडे बघायचं होतंस, ते न करता आईला घरी बसवलंस.

आणि ती शाल. पोप फ्रान्सिसांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी ठेवला, तो शाली वाटायला नव्हे. ज्या बाईला जुलैत पुढे बोलावून शाल पांघरली, तिला ऑगस्टमध्ये मागे बसायला सांगायचं, हे मला तरी समजत नाही. चर्चमध्ये तान्ही पोरं रडतात, कुणाचा मोबाइल वाजतो, लग्नाच्या मिस्साला तर फोटोवाले वेदीपर्यंत चढतात. हे सगळं चालतं. आणि मिस्सातलं योग्य उत्तर योग्य ठिकाणी देणारी एक बाई तेवढी चालत नाही?

घरी ख्रिस्तप्रसाद पाठवायची सोय चांगलीच आहे, पण ती चर्चपर्यंत येऊ न शकणाऱ्यांसाठी. तुझी आई ओटीपर्यंत स्वतःच्या पायांनी येते, लुगडं स्वतः नेसते. (नऊवारी नेसायला किती काय काय लक्षात ठेवावं लागतं हे एकदा बायकोला विचार.) मोबाइलवरच्या मिस्सात तिच्या उत्तराची कुणी वाट बघत नाही. पडद्यावरचे फादर पुढे बोलत राहतात. उत्तराला जागा नसेल ती कसली मिस्सा?

चर्चचा कायदाही तुझ्या आईच्या बाजूचा आहे. त्यातलं कलम, कॅनन ९१२, म्हणतं, कायद्याने मनाई नसलेल्या प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या माणसाला ख्रिस्तप्रसाद दिलाच पाहिजे. स्मरण गेलं ही मनाई नाही. आणि उपासाचं म्हणशील तर आता तो फक्त तासाभराचा, पाणी आणि औषध त्यात धरत नाहीत. वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना तर तेवढाही लागू नाही. म्हणजे तुलाही नाही. पण हे आईला समजावत बसू नकोस. तिच्यासाठी १९५५ चालू आहे, आणि त्या सालात पाणी चालत होतं. पाण्याने उपास मोडत नाही हे १९५३ सालीच ठरलं होतं. तेव्हा गोळी पाण्याबरोबर दे. कुठली गोळी उपाशीपोटी चालत नाही, साखरेची असेल तर काय करायचं, ते मात्र डॉक्टरांना आधी विचारून घे.

तर येत्या रविवारी आईला साडेसातच्या मिस्साला ने. मागच्या बाकावर नाही, मधल्या बाकावर नाही, तिसऱ्याच बाकावर, तिच्या जागेवर. तू तिच्या शेजारी बस. बायको दुसऱ्या बाजूला बसेल. आळीपाळी बंद. फादर अभिवादन करतील, आई तिचं उत्तर देईल, मोठ्याने देईल. त्याच वेळी तूही दे. तिच्याच भाषेत, तिच्याइतक्याच मोठ्याने. दोघांचा आवाज एकत्र आला की लोक वळून बघतील. बघू देत. एकटीचा आवाज आला की लोकांना तो आजार वाटतो. शेजारी त्रेपन्न वर्षांचा मुलगा तेच म्हणत असला की ती प्रार्थना आहे हे पोरांनाही कळतं. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी रांगेत तिच्याबरोबर तूही गुडघे टेक. उठताना तिला तुझा खांदा लागेलच.

फादरांना शनिवारी संध्याकाळी जाऊन भेट. परवानगी मागायला नव्हे, सांगायला. ‘माझी आई जे बोलते ते हे आहे’, एवढं सांग. तरुण फादर असतील तर त्यांनी सेमिनरीत लॅटिन थोडंफार शिकलेलं असेल, आणि ते माझ्यापेक्षा लवकर उभे राहतील खुर्चीतून. कौन्सिलच्या गृहस्थांनाही गाठ. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ८८ लाख माणसं डिमेन्शियासह जगताहेत. तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे तुमच्या चर्चच्या हद्दीत, तुझी आई एकटी असणं शक्यच नाही. मग बाकीची कुठे आहेत? किती ओट्यांवर दर रविवारी ‘आज शनिवार’ होतो, हे त्यांना विचार. त्यांच्या घरात कुणी असेल तर ते गप्प होतील, तेव्हा आवाज चढवू नकोस.

पण रविवार अजून लांब आहे. आज रात्रीच एक कर. जेवणं झाली, घर शांत झालं की तिच्याजवळ बस. टीव्ही बंद कर. तिचा हात हातात घे आणि हळू, स्पष्ट म्हण: दोमिनुस वोबिस्कुम. जमलं नाही तर कागदावर लिहून घे, मी वर देवनागरीत लिहूनच दिलं आहे.

मग थांब. लगेच उत्तर येणार नाही. तुला वाटेल, नाही ऐकलं तिने. पुन्हा म्हणू नकोस, तिला आठवण करून देऊ नकोस, बायकोकडे बघून खांदे उडवू नकोस. तू पाच महिने तिला थांबवलंस, आता दोन मिनिटं तू थांब.

आणि रविवारी थर्मासमध्ये चहा भरून बरोबर घे. मिस्सा सुटली की चर्चच्या आवारातच बाकावर बसवून पाज, तिला तोवर कडकडून भूक लागलेली असेल.

तुझी मावशी