जामीन मंजूर होऊनही पाच महिने आत

तुम्ही विचारलंय की सुरक्षा, गुन्हेगारी आणि गरिबी या देशापुढच्या तीन आव्हानांपैकी आधी कशाला हात घालावा, आणि शिक्षा कडक केल्या तर बाकीचं आपोआप मार्गी लागेल का. नाही लागणार. मुळात ही तीन वेगवेगळी आव्हानं आहेत असंच मला वाटत नाही. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आणि विधी सेवेच्या पॅनेलवर आहे, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं माझ्याकडे येतात. त्यातल्या एका फाईलवरून सांगते.

पारधी समाजातला चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. विहिरीतली पाणबुडी मोटर आणि केबल चोरल्याचा आरोप. दोन दिवस पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि पंधरवड्यात जामीन मंजूर. आदेश नेहमीचाच: १५ हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. घोडं तिथेच अडलं. जामीनदार सक्षम ठरायला त्याच्या नावावर सातबारा हवा, नाहीतर घरपट्टीची पावती, नाहीतर पगाराची स्लिप. हा मुलगा ज्या पालावर वाढला तिथे एकाच्याही नावावर गुंठाभर जमीन नाही. ज्या बागायतदाराकडे तो खुरपणी-भांगलणीला जायचा, त्याने उतारा द्यायला साफ नकार दिला.

फाईल माझ्याकडे आली तेव्हा जामिनाच्या आदेशाला साडेचार महिने झाले होते आणि मुलगा आतच होता. त्याची आई दोन एसट्या बदलून आली होती, त्या दिवसाची मजुरी बुडवून. कोर्टाच्या व्हरांड्यात तिने कॅरीबॅगेत गुंडाळलेले कागद काढले. आदेशाची नक्कल घड्यांवर फाटलेली, आणि तिच्यासोबत पिवळं रेशनकार्ड. म्हणाली, "बाई, ह्ये चालंल का? ह्याच्यावर माझा फोटू हाय. मी ऱ्हाते की त्याला जामीन." मला तिला सांगावं लागलं की मावशी, रेशनकार्डाने पत्ता कळतो, ऐपत नाही. ती बराच वेळ त्या कार्डाकडे बघत बसली.

हा प्रश्न काही आज उपटलेला नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंडीकाम करणाऱ्या माणसाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याला जामीन मिळाल्यावर खालच्या कोर्टाने १० हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं होतं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती अट मोडीत काढली आणि गरिबाला परवडेल असाच जामीन हवा हे स्पष्ट केलं. पुढे जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करायचा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात तेव्हा कच्च्या कैद्यासाठी, म्हणजे ज्याचा खटला अजून संपायचाय त्याच्यासाठी, ४० हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. म्हणजे कायदा आहे, निकाल आहेत, पैसाही आहे. फक्त त्या बाईपर्यंत यातलं काहीच पोहोचलं नव्हतं.

आम्ही अट बदलण्याचा अर्ज केला. दुसऱ्या तारखेला कोर्टाने नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचा आदेश दिला. एका पानाच्या अर्जाने सुटणारा माणूस पाच महिने आत बसला होता.

आता ही एकट्याची गोष्ट समजू नका. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. शंभरातले सुमारे शहात्तर. यात गंभीर गुन्ह्यांतले आरोपी आहेतच, त्यांना सोडा असं मी म्हणत नाही. पण ज्यांना कोर्टाने जामीन देऊ केलाय आणि केवळ उतारा नाही म्हणून जे आत आहेत, ते गुन्ह्यामुळे आत नाहीत, गरिबीमुळे आहेत.

ज्याची मोटर गेली त्याचंही सांगते, कारण वकिलांनी फिर्यादीला विसरू नये. दीड एकराचा धनी. मोटर उसनवारीवर घेतलेली. ती गेली तेव्हा कांद्याला ऐन पाण्याची गरज होती. नवी घ्यायला पैसे नव्हते, रान वाळलं. पोलिसांना मोटर मिळाली, पण मुद्देमाल म्हणून ती आवारात पडून गंजत राहिली. मुद्देमाल विनाकारण अडकवून न ठेवता लवकरात लवकर मालकाला परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात बजावलंय. अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाने मागितल्यावर हजर करण्याच्या हमीवर, मोटर नेता येते हे त्या शेतकऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चोरी झाली गरिबाची, आत गेला गरीब, आणि दोघांचंही नुकसान चोरीपेक्षा नंतरच्या खोळंब्याने जास्त झालं.

गुन्हेगारीबद्दल बोलताना पारधी हा शब्द तुम्ही वाचलात तेव्हा मनात काही आलं का? प्रामाणिकपणे विचारतेय. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. त्याने माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवलं जायचं. त्या भागाला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले आणि नजर तीच राहिली. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगात जातीवरून कामं वाटू नका, नोंदवहीतला जातीचा रकाना काढा आणि विमुक्तांना सराईत म्हणून वागवू नका.

सुरक्षेचा प्रश्न इथेच येतो. माझ्या अशिलांच्या पालावर मारहाण झाली, झोपडं पेटवलं, तरी लोक ठाण्यात जात नाहीत. तक्रार द्यायला गेलेल्यालाच बसवून ठेवतील ही भीती. ज्या वस्तीत कुणी ठाण्याची पायरी चढत नाही, तिथे खरा गुन्हेगार निर्धास्त असतो. बीटवरचा कुठलाही जुना हवालदार सांगेल की तपास खबरीवर चालतो, आणि खबर विश्वासाशिवाय मिळत नाही.

कडक शिक्षेबद्दल एवढंच, की चोरीला तीन वर्षांच्या जागी दहा वर्षं केली असती तरी या फाईलमध्ये काहीही बदललं नसतं. लवकर पकडलं जाणं आणि खटला लवकर निकाली निघणं याचा धाक असतो. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या कायद्यात, ५ हजारांच्या आतल्या, पहिल्याच चोरीला माल परत केल्यास समाजसेवेची शिक्षा आहे. मला ती तरतूद मनापासून आवडली, कारण अशा पोराला सराईतांच्या बरॅकीत महिनोन् महिने ठेवलं की ते काय शिकून बाहेर येतं हे मी पाहिलंय.

तेव्हा आधी कशाला हात घालावा असं विचाराल तर मी जामिनापासून सुरुवात करेन. त्याला नवा कायदा लागत नाही. तुमच्या माहितीत जामीन होऊनही कुणी आत असेल, तर १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर फोन करा, नाहीतर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवेच्या कार्यालयात जा. वकील फुकट मिळतो. जाताना जामिनाच्या आदेशाची नक्कल तेवढी सोबत ठेवा, फाटकी असली तरी चालते.