नाशिकमध्ये राहून बीएस्सी एव्हिएशन केलं, तर पायलट होता येतं का?

नुसत्या डिग्रीने नाही. कमर्शियल पायलट लायसन्स डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं देतं, त्यासाठी पदवी लागतच नाही. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वय १८ पूर्ण, मेडिकल, लेखी पेपर आणि २०० तासांचं उड्डाण. ते तास फ्लाइंग स्कूलमध्ये भरायचे, आणि खरा खर्च तिथेच.

आमच्या शेजारच्या मुलाने एका कॉलेजला पहिल्या वर्षाची फी भरली. माहितीपत्रकावर कॉकपिटचा फोटो, आत मात्र विमानतळ व्यवस्थापन, कार्गो आणि ग्राहकसेवा. विषय वाईट नाहीत हो, ग्राउंडवरच्या नोकरीला चालतात. पण त्याला उडायचं होतं! वर मेडिकलला रंग ओळखायच्या चाचणीत रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचता येईनात, हे दुसऱ्या वर्षी कळलं. म्हणून आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची पहिली वैद्यकीय तपासणी करून घ्या, मग फीचं बघा.

नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात सुखोईसारखी लढाऊ विमानं बनतात, म्हणून 'इथेच नोकरी लागेल' असं बरेच जण धरून चालतात. तिथे इंजिनिअरिंग, डिप्लोमा, आयटीआयवाल्यांना वाव जास्त. विमान दुरुस्तीचं लायसन्स हवं असेल, तर डीजीसीए मान्यताप्राप्त एएमई (विमान देखभाल इंजिनिअरिंग) संस्थाच बघा, तोही वेगळा रस्ता आहे.

तरीही डिग्री हवीच असेल, तर प्रवेशाआधी सेमिस्टरवार विषयांची यादी मागा. द्यायला टाळाटाळ झाली, की काय ते समजून जा.