चावी, टॉयलेट आणि इन-टाइम

गोदामात माल उतरवायची अपॉइंटमेंट सकाळची, गाडी खाली झाली संध्याकाळी. वर चावी काढून घेतली आणि टॉयलेट विचारलं तर 'स्टाफसाठी आहे' म्हणाले. सगळीकडे असंच चालतं का, असं तुम्ही विचारलंय. भाऊ, सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी चालतं. फक्त या तिन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका.

चावीचा राग धरू नका. फोर्कलिफ्ट ट्रेलरमध्ये ये-जा करत असताना 'झालं वाटतं' म्हणून कुणी गाडी पुढे घेतली, तर डॉक, म्हणजे माल उतरवायचा ओटा, आणि गाडीच्या मधल्या फटीत फोर्कलिफ्ट माणसासकट कोसळते. म्हणून चावी ऑफिसात ठेवून घेतात. मात्र चावी घेतली तर बसायला जागा द्यायला हवी, तेवढं हक्काने मागा.

टॉयलेटचं उत्तर अजिबात ऐकून घेऊ नका. माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरलाही ती सोय द्यावीच लागते, हे ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेने 2017 मध्ये स्पष्ट केलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2022 मध्ये बंदरातल्या कंटेनर ड्रायव्हरांसाठी कायदाच केला. इतक्या साध्या गोष्टीला कायदा लागावा!

आता थांबण्याचं. खरं दुखणं हेच. तुमचं ताटकळणं गोदामवाल्याला फुकट पडतं. डॉक रिकामा राहिला तर त्याचं नुकसान, म्हणून तो गेटबाहेर गाड्यांची रांग राखून ठेवतो. तुम्हाला पैसे फेरीचे किंवा किलोमीटरचे, त्यामुळे तो तास कुणाच्याच हिशेबात येत नाही. आणि याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. अमेरिकेत ड्युटी सुरू झाल्यापासून 14 तासांच्या आतच 11 तास गाडी चालवता येते. गेटवर गेलेला वेळ या 14 तासांतूनच जातो, मग पुढे घाई. तिथल्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांच्या 2018 च्या अहवालातला अंदाज असा, की थांबण्याचा सरासरी वेळ 15 मिनिटांनी वाढला तर अपघातांचं प्रमाण सरासरी 6.2 टक्क्यांनी वाढतं.

तुमच्या हातात काय? इन-टाइम, म्हणजे गाडी पोचल्याची वेळ. सिक्युरिटीवाला बरेचदा गाडी डॉकला लागल्याची वेळ टाकतो, गेटला आल्याची नाही. पोचल्या पोचल्या गेटवरूनच ट्रान्सपोर्टरला मेसेज टाका, गाडीच्या नंबरासकट. डिलिव्हरीच्या पावतीवर शिक्क्याशेजारी इन आणि आउट दोन्ही वेळा लिहून घ्या. सुपरवायझर टाळत असेल तर स्वतः लिहा आणि मगच सही करा. अनेक करारांत पहिले दोन तास फुकट आणि पुढे डिटेंशन, म्हणजे थांबल्याचे पैसे, लागतं, पण वेळेचा कागद नसेल तर पार्टी दमडी देत नाही. त्यातलं तुमच्या पदरात किती पडणार, हे गाडी भरण्याआधी ट्रान्सपोर्टरला विचारा. माल उतरल्यावर विचारलंत की तो हात वर करतो.

सिक्युरिटीवाल्याशी मात्र वाद घालू नका. त्याच्या हातात फक्त रजिस्टर असतं. कुठली गाडी आधी लावायची हे आतला शिफ्ट सुपरवायझर ठरवतो. त्याचा नंबर मिळवा.