नववीतल्या मुलाची फुटबॉल प्रॅक्टिस रोज किती वेळ असावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, तालुक्याच्या मॅचेस जवळ आल्यापासून सर शाळा सुटल्यावर रोज तीन तास ग्राउंडवर ठेवतात आणि पोरगा घरी आला की न जेवताच झोपतो. सरांना विचारलं तर म्हणतात, अमेरिकेतली हायस्कूलची पोरंही तीन तास खेळतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका हायस्कूलवर 17 वर्षांपासून पीटी शिकवतो. आधी उत्तर देऊन टाकतो: सव्वा तास. फार तर दीड, तोही पोटात काही गेलं असेल तर. आठवड्यातून पाच दिवस, आणि मॅचच्या आदल्या दिवशी 40 मिनिटांत घरी.

नवीन होतो तेव्हा मीही तीन तास घ्यायचो. ऑगस्टचा शेवट होता, चार दिवसांची झड नुकतीच उघडली होती, काळ्या मातीतून वाफ निघत होती. सहाव्या चकरेला आमचा डावीकडून खेळणारा पोरगा गुडघ्यावर बसला आणि ओकला. नुसतं पिवळं पाणी. विचारलं, "काय खाल्लं होतं रे?" तर म्हणे, "सकायी चहा-पोयी, सर." घड्याळात साडेपाच वाजले होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच मिळते. 17 वर्षांखालचा संघ ज्यांच्यातून निवडायचा ती नववी-दहावीची पोरं घरच्या डब्यावर. निंदण सुरू असलं की माय सकाळीच वावरात जाते, मग डबाही नसतो. सुट्टीच्या दिवशी पोरगाही वावरातच, आणि सोमवारी तो ग्राउंडवर येतो तो थकूनच. म्हणजे तीन तासांचा हिशोब शिट्टी वाजल्यापासून धरायचा की पहाटेपासून?

त्या दिवसापासून शिट्टीच्या आधी मूठभर फुटाणे, गुळाचा खडा, पाणी आणि दहा मिनिटं नुसतं बसणं. फुटाण्यांचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा, हे मुख्याध्यापकांना अजून समजलेलं नाही.

वेळ कमी केला तर खेळ कच्चा राहील अशी भीती मलाही होती. पण एकदा बाजूला उभं राहून जुन्या पद्धतीची प्रॅक्टिस नीट बघा. अर्धा तास चकरा, मग एका बॉलमागे बावीस पोरं. मागे उभ्या असलेल्या पोराच्या पायाला पूर्ण संध्याकाळी बॉल किती वेळा लागला ते हाताच्या बोटांवर मोजता येतं. आता आम्ही बारा-पंधरा मिनिटं अंग मोकळं करतो, तेही बॉल घेऊनच. मग दोघादोघांत पासिंग, चार बाहेर एक मधात असा खेळ, आणि शेवटची 25 मिनिटं चार-चार जणांची छोटी मॅच. वेगळ्या चकरा नाहीत, त्या मॅचमध्येच होतात. फुटबॉलचा मोठा सामनाही 90 मिनिटांचाच असतो हो! दमलेला पाय चुकीची किक शिकतो आणि तीच पक्की होते. पाय मुरगळण्याचे प्रकारही मी शेवटच्या अर्ध्या तासातच जास्त पाहिले.

सरांच्या अमेरिकेबद्दल. तिथलं हायस्कूल फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून खेळतात ते, आपलं नव्हे. आणि तीन तास ही तिथेही वरची हद्द आहे. 2009 मध्ये तिथल्या अ‍ॅथलेटिक ट्रेनर्सच्या संघटनेने शाळांसाठी सूचना काढल्या: सीझनच्या पहिल्या पाच दिवसांत दिवसाला एकच प्रॅक्टिस, तीन तासांच्या आत, आणि पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट. कारण उन्हाला अंग सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. जॉर्जिया राज्यात तर ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजणारं यंत्र 92 फॅरनहाइटच्या वर गेलं की मैदानावरची प्रॅक्टिसच बंद.

आपल्याकडे ते यंत्र नाही, पण ऊन आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पोरं महिना-दीड महिना घरात बसून आलेली असतात आणि मॅचेस लगेच तोंडावर. म्हणून पहिले दोन आठवडे मी 45 मिनिटांच्या वर जात नाही. मार्चमध्ये सकाळची शाळा लागली की सहा ते सात. एप्रिलच्या मध्यापासून बॉल कपाटात.

मुलींच्या संघाचा वेळ तर मी ठरवतच नाही, शाळेच्या मुलींना ने-आण करणारी मानव विकास योजनेची निळी बस ठरवते. बस गेली की पाच किलोमीटर पायी.

तुमच्या मुलाचं न जेवता झोपणं मात्र अंगावर काढू नका. शिवाय गुडघ्याच्या वाटीच्या खाली, हाड पुढे आलेलं असतं तिथे दाबल्यावर दुखतं का तेही बघा. वाढत्या वयात पळणं-उड्या जास्त झाल्या की तिथे सूज येते. दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा आणि ते म्हणतील तोवर प्रॅक्टिस बंद. सरांना भेटाल तेव्हा तासांवरून भांडू नका, खेळाचे सर तिथे अडून बसतात, मी पण बसायचो. एवढंच विचारा, "शिट्टीच्या आधी पोरं काय खातात?" आणि उद्यापासून डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या द्या. एक तो दुपारच्या सुट्टीत वाटून टाकणारच.